मौलाना आझाद : किल्ल्यातला कैदी, देशाचा शिक्षणमंत्री

शिक्षक मित्रांनो, पालकहो, ११ नोव्हेंबरला आपण राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा करतो. हा मौलाना अबुल कलाम आझादांचा जन्मदिवस. १८८८ साली मक्केत जन्मलेल्या या माणसाचं आपल्या नगरशी नातं आहे, हे मुलांना सांगता ना?

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असताना त्यांना मुंबईत अटक झाली. नेहरू, पटेल यांच्यासोबत त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. ना खटला, ना सुटकेची तारीख. पहाटे उठून ते स्वतः चहा करायचे आणि मित्राला उर्दूत पत्रं लिहायचे. पाठवता येत नव्हती, तरी लिहायचे. खोलीत येणाऱ्या चिमण्यांवरसुद्धा लिहिलं. पुढे १९४६ साली या पत्रांचं पुस्तक झालं, ‘गुबार-ए-खातिर’.

तिकडे कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगम खूप आजारी पडल्या. सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पाठवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी सवलत मागितली नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. शेवटची भेट झालीच नाही.

हाच कैदी स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला.

यंदा वर्गात भाषणाआधी एवढंच विचारा : त्यांच्या जागी तुम्ही अर्ज केला असता का? उत्तराची घाई करू नका. मुलांना बोलू द्या.