माउंट विल्सनचा खेचरवाला

मिल्टन ह्यूमसन यांचा जन्म इ. स. १८९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. चौदाव्या वर्षी ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन या पर्वतावर उन्हाळी शिबिरास गेले. त्या पर्वताचा त्यांना असा लळा लागला की, शाळेतून एक वर्षाची सुटी मिळावी म्हणून त्यांनी आईवडिलांचे मन वळविले. ते वर्ष काही संपले नाही. शाळेचे तोंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही!

त्या सुमारास पर्वतमाथ्यावर मोठी वेधशाळा उभी राहत होती. तिचे सामानसुमान खेचरांच्या पाठीवरून वर जाई. ह्यूमसन ती खेचरे हाकीत. पुढे १९१७ मध्ये तेथेच त्यांना झाडलोटीची नोकरी मिळाली. रात्री ते ज्योतिर्विदांना मदत करीत आणि पाहता पाहता वेध घेण्यास शिकले. संचालक जॉर्ज हेल यांनी हा गुण हेरला. शालेय शिक्षणही अपुरे राहिलेल्या माणसाला शास्त्रज्ञांच्या पंक्तीस बसविणे काहींना रुचले नाही. परंतु हेल यांनी तो विरोध जुमानला नाही.

एडविन हबल यांनी ह्यूमसन यांच्याकडे एक बिकट काम सोपविले. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटात पसरला की त्यात काळ्या रेषा दिसतात. दीर्घिका दूर जात असेल, तर त्या रेषा तांबड्या बाजूस सरकतात. यालाच ताम्रसृती म्हणतात. पण हा प्रकाश किती अंधुक! महाश्व तारकापुंजातील एका दीर्घिकेच्या दोन छायाचित्रांसाठी ३३ आणि ४५ तास लागले. दिवसा काच झाकावयाची, रात्र पडली की पुन्हा उघडावयाची. घुमटात शेकोटी नाही. उष्ण हवेने प्रतिमा थरथरते. गारठलेल्या बोटांनी दुर्बीण क्षणोक्षणी नेमक्या जागी ठेवावी लागे. ती दीर्घिका सेकंदाला सुमारे ३,८०० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. जितकी दीर्घिका दूर तितका तिचा वेग अधिक, हा हबल यांचा नियम अशा मापनांनी दृढ झाला. विश्व प्रसरण पावत आहे, असा त्याचा अर्थ होता.

१९५० मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने या खेचरवाल्यास सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५७ मध्ये ते निवृत्त झाले.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका ठिपक्याची ताम्रसृती मोजली. तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूर निघाला! अशांना क्वेसार म्हणतात. पुढे सापडलेल्या काही क्वेसारांचा प्रकाश विश्व एक अब्ज वर्षांचेही नव्हते तेव्हा निघालेला आहे. आज विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. इतक्या बालवयात विश्वात एवढी प्रचंड कृष्णविवरे कशी घडली, हे कोडे शास्त्रज्ञांना अद्याप पुरते सुटलेले नाही. १९७२ मध्ये ह्यूमसन यांचे निधन झाले, तेव्हा क्वेसारांचा शोध नुकताच कोठे सुरू झाला होता.