होड्यांतून आलेल्यांना परत न धाडणारा बादशहा

समुद्रातून होडीत बसून कुणी आश्रय मागायला आला तर त्याचं काय करायचं, यावर जगभर वाद चालू आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये टॅम्पा या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ माणसं वाचवली. त्यांतली बहुतेक अफगाण हजारा होती. ऑस्ट्रेलियाने त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही, उलट जहाजावर लष्कर चढवलं. २०१५ मध्ये रोहिंग्यांच्या होड्या अंदमानच्या समुद्रात एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे ढकलल्या गेल्या. शेवटी आचेच्या मच्छीमारांनी आपल्या नावा घालून शेकडोंना काठावर आणलं. ब्रिटनने २०२२ मध्ये अशा लोकांना थेट रवांडाला पाठवायचा करार केला आणि २०२३ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने तो बेकायदा ठरवला. रांग सोडून आलेत, खरे निर्वासित नाहीत, यांना ठेवलं तर उद्या आणखी येतील, ही वाक्यं आता आपल्यालाही पाठ झाली आहेत.

या वादात आम्हाला वारंवार आठवतात ते हबशाचे बादशहा नजाशी. नजाशी ही पदवी, जसा रोमचा कैसर आणि इराणचा किसरा. यांचं नाव असहमा. हबशा म्हणजे आजचा इथिओपिया-इरिट्रियाचा मुलूख. तेव्हा तिथे अक्सूमचं ख्रिस्ती राज्य होतं. मलिक अंबर हबशाचेच, आणि आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचं मूळही तिकडचंच सांगतात, त्यामुळे हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही.

नजाशींचं बालपण मुलांना कुणी फारसं सांगत नाही. इब्न इस्हाक यांनी ते हजरत आयेशा (रजि.) यांच्या हवाल्याने नोंदवलंय. असहमा हे राजाचे एकुलते एक पुत्र. त्यांच्या काकांना मात्र बारा मुलगे. दरबाऱ्यांनी हिशेब केला की बारा वारस असलेलं घराणं जास्त टिकेल, आणि राजाला मारून काकांना गादीवर बसवलं. पोरगा हुशार निघाला, काकांचा लाडका झाला. मग दरबाऱ्यांना धास्ती वाटू लागली, की हा मोठा झाला तर बापाच्या खुनाचा जाब विचारेल. त्यांनी काकांच्या मागे लकडा लावला की याला मारा नाहीतर देशाबाहेर काढा. काकांना बापापाठोपाठ लेकाचाही जीव घेणं जमेना. शेवटी मुलाला बाजारात नेऊन ६०० दिरहमना एका व्यापाऱ्याला विकलं. व्यापाऱ्याने त्याला होडीत घातलं आणि निघाला.

त्याच संध्याकाळी वीज पडून काका मेले. बाराही मुलगे राज्य चालवण्याच्या लायकीचे नव्हते. लोक धावत सुटले, होडीतल्या त्या पोराला शोधून परत आणलं आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. व्यापारी मात्र मागोमाग आला, कारण त्याचे पैसेही गेले आणि गुलामही. दरबारी दाद देईनात तेव्हा तो थेट नव्या राजापुढे उभा राहिला. राजाने निकाल दिला की याचे पैसे परत करा, नाहीतर मी याचा हात धरून याच्याबरोबर जातो. पैसे मुकाट्याने परत मिळाले. गादीवर बसल्यानंतरचा हा त्यांचा पहिला न्याय, आणि तोही स्वतःला विकत घेणाऱ्याच्या बाजूने!

आता मक्केकडे वळू. नबुव्वतचं पाचवं वर्ष, म्हणजे इ. स. ६१५. कुरैशांचा छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना हबशाला जायला सांगितलं, कारण तिथल्या राजाच्या राज्यात कुणावर जुलूम होत नाही. पहिल्या तुकडीत दहा-बारा पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. हजरत उस्मान (रजि.) आणि प्रेषितांची कन्या हजरत रुकैया (रजि.) त्यांत होते. शुऐबाच्या बंदरात नशिबाने दोन व्यापारी गलबतं लागलेली होती. अर्ध्या दिनारात त्यांनी या लोकांना पलीकडे नेलं. कुरैशांची माणसं पाठलाग करत किनाऱ्यावर पोचली तोवर शिडं लांब गेली होती. नंतर मोठी तुकडी गेली. त्यात ऐंशीहून जास्त पुरुष, बायका-पोरं वेगळी, आणि पुढारी हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.). हे सगळेच काही गरीब नव्हते. मक्केच्या मोठमोठ्या घरांतले लेक आणि जावई त्यांत होते. घरचे खातेपिते असताना कोण होडीत बसतो, हा प्रश्न आजही विचारला जातो. पाठीमागे जुलूम असेल तर खातेपितेही बसतात, एवढंच त्याचं उत्तर.

कुरैशांनी दोन वकील पाठवले, अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबू रबीआ. सोबत मक्केचं उत्तम कमावलेलं कातडं नजराणा म्हणून. हबशात त्याला फार मागणी होती. डाव पक्का होता. आधी एकेका सरदाराला गाठून भेट द्यायची आणि त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं, की दरबारात विषय निघाला की या लोकांचं काहीही न ऐकता त्यांना आमच्या हवाली करा असं तुम्ही म्हणायचं. कारण असं द्यायचं, की आमची ही नादान पोरं बापजाद्यांचा धर्म सोडून आली, तुमच्याही धर्मात आली नाहीत. त्यांना त्यांच्या वडीलधाऱ्यांइतकं कोण ओळखणार? ठरल्याप्रमाणे सरदारांनी माना डोलावल्या.

इथे आमची एक तक्रार आहे. आपल्या तकरीरींमध्ये हा प्रसंग आला की लगेच सूरह मरियमच्या तिलावतीवर आणि नजाशींच्या अश्रूंवर उडी मारली जाते. त्याच्या आधीची घडी सुटून जाते. सरदारांचं ऐकून नजाशी संतापले. ज्यांनी इतर सगळ्यांना सोडून माझा शेजार निवडला, त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाच्या हाती देणार नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. तोपर्यंत त्यांनी जाफर (रजि.) यांचं तोंडही पाहिलं नव्हतं, कुरआनचा एक शब्द ऐकला नव्हता. आलेले लोक चांगले की वाईट हेही ठाऊक नव्हतं. निर्णय झाला होता तो एवढाच, की सुनावणीशिवाय परत पाठवणी नाही. १९५१ च्या जिनिव्हा करारात तेहतिसावं कलम आहे, जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे निर्वासिताला परत ढकलू नये असं सांगणारं. ते कलम वर्गात समजावताना आम्ही हाच दरबार सांगतो, आणि पोरांना ते लगेच कळतं.

मग पाद्री ग्रंथ उघडून बसले, आश्रितांना बोलावणं गेलं. जाफर (रजि.) यांनी सांगितलं, की आम्ही मूर्ती पुजत होतो, मुरदाड खात होतो, बलवान दुबळ्याला गिळत होता, मग आमच्यातूनच प्रेषित आले, त्यांनी एका अल्लाहची इबादत, खरेपणा, अमानत आणि शेजारधर्म शिकवला, म्हणून आमच्या लोकांनी आम्हाला छळलं. त्यानंतर सूरह मरियमची सुरुवात ऐकवली. बादशहांची दाढी भिजली, पाद्रीही रडले. माणसं परत देणार नाही, असा निकाल झाला.

अम्र सहजासहजी हार मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाजूक जागी हात घातला: हे लोक मरियमच्या पुत्राला बंदा म्हणतात. आश्रितांची ती रात्र कशी गेली असेल! गोलमोल उत्तर देऊन निभावता आलं असतं. पण त्यांनी आपसांत ठरवलं, की जे आहे तेच सांगायचं. ईसा (अलै.) हे अल्लाहचे बंदे, त्याचे प्रेषित, त्याचा रूह आणि पवित्र मरियमकडे पाठवलेला त्याचा शब्द, असं जाफर (रजि.) बोलले. नजाशींनी जमिनीवरची काडी उचलली आणि यात या काडीएवढंही अंतर नाही असं म्हणाले. सरदार नाकं मुरडू लागले. नजाशींनी त्यांना जुमानलं नाही. या लोकांना त्रास देईल त्याला दंड, असं तीनदा जाहीर केलं आणि कातड्याचे नजराणे परत केले. माझं राज्य परत देताना अल्लाहने माझ्याकडून लाच घेतली नव्हती, मग मी कशाला घेऊ, असा त्यांचा सवाल होता. बालपणीची ती होडी माहीत नसेल तर हे बोलणं नीट उमगत नाही.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. धर्म सोडला असा आळ घेऊन लोक उठले. लढाईला जाण्याआधी नजाशींनी मुसलमानांसाठी होड्या तयार ठेवल्या आणि निरोप दिला, की मी हरलो तर यात बसून जिथे सुरक्षित वाटेल तिथे जा. जिंकलो तर इथेच राहा. ते जिंकले. पण हरण्याची शक्यता धरून पाहुण्यांची सोय आधी लावणारा राज्यकर्ता आम्हाला तरी दुसरा आठवत नाही.

हे लोक तिथे कायमचे बसले का? काही जण लवकर परतले, आणि जे राहिले त्यांचे संसार तिथेच झाले. जाफर (रजि.) यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांना तिथेच मुलगा झाला. परदेशात एकट्या पडलेल्या हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांचा प्रेषितांशी निकाह नजाशींनीच लावून दिला आणि ४०० दिनार महर आपल्या पदरचा दिला. इ. स. ६२८ मध्ये त्यांनी उरलेल्यांना दोन गलबतांतून रवाना केलं. खैबरच्या विजयाच्या वेळी ते पोचले. तिकडे उमर (रजि.) अस्मा (रजि.) यांना म्हणाले, की हिजरतीत आम्ही तुमच्या पुढे गेलो. त्या चांगल्याच रागावल्या. परक्या, दूरच्या भूमीत भीतीखाली दिवस काढले होते त्यांनी. थेट प्रेषितांकडे गेल्या. प्रेषितांनी सांगितलं, की त्यांची हिजरत एक, तुम्हा गलबतवाल्यांच्या दोन. मग गलबतातले बाकीचे लोक हे ऐकायला अस्मांकडे पुन्हा पुन्हा येत.

आणि अम्र? खंदकच्या लढाईनंतर ते पुन्हा कातडं घेऊन हबशाला गेले. या वेळी प्रेषितांच्या दूताला हवाली करा अशी मागणी होती. नजाशी पुन्हा भडकले. त्या भेटीतच अम्र यांचं मन फिरलं आणि पुढे मदिनेला जाऊन ते मुसलमान झाले.

हिजरी ९, म्हणजे इ. स. ६३० मध्ये नजाशी वारले. प्रेषितांनी त्याच दिवशी ही बातमी सोबत्यांना दिली, सफा उभ्या केल्या आणि चार तकबीरींनी त्यांच्या जनाजाची नमाज पढवली. मय्यत समोर नसताना पढलेली ही नमाज. हनफी मंडळी ती नजाशींपुरतीच मानतात. शाफई मसलकात ती आजही चालते, म्हणून आपल्या कोकणातल्या मशिदींत गायबाना नमाज-ए-जनाजा होते तिचा धागा इथवर येतो.

टिग्रे प्रांतातल्या नेगाश गावात त्यांची कबर दाखवतात. शेजारी जुनी मशीद आहे. हबशातच वारलेल्या १५ सहाबांच्या कबरीही तिथे आहेत असं गावकरी मानतात. २०२० च्या युद्धात त्या मशिदीवर आणि कबरीवर तोफगोळे पडले. त्याच महिन्यांत टिग्रेतले साठ हजारांवर लोक नदी ओलांडून सुदानमध्ये शिरले, त्यांतले कित्येक होड्यांतून.