छर्‍याचा हिशेब

मी गाणे शिकविणारा माणूस. बंदुकीतले मला काय कळावे? तरी सलीम अलींच्या चरित्रात छर्‍याचे महत्त्व पटते. जन्म १८९६ चा. आईबाप लवकर गेले, मामांकडे वाढले. मुंबईत लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा! मामांनी चिठ्ठी देऊन मिलर्डसाहेबांकडे धाडले. छर्रा जाड असता तर ओळखायला काय उरले असते? नमुने जमविणारे लहान पाखरासाठी रव्यासारखे बारीक छर्रे वापरीत ते यासाठीच. कातडी फाटली की नमुना वाया. पुढे १९३१ साली आमच्या हैदराबाद संस्थानात अलींनी पक्ष्यांची पाहणी केली, तीही बंदूक घेऊनच. १९८७ साली ते गेले. दोनच वर्षे आधी निघालेल्या आत्मचरित्राच्या नावात ती पडलेली चिमणी आहे.