शिकाऱ्याची वही

ओहोटी लागली की माहुलच्या किनाऱ्यापुढे चिखलाचे एक विस्तीर्ण मैदान उघडे पडते. एका बाजूस तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, समोर शिवडीचा किनारा, मध्ये तिवरांची झाडी आणि कोळ्यांच्या होड्या. पावसाळा सरल्यानंतर केव्हातरी येणारे हजारो रोहित पक्षी या चिखलात माना खाली घालून चरताना दिसतात, ते पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत. त्यांना पाहायला येणाऱ्या माणसांच्या गळ्यात दुर्बीण असते, कॅमेरा असतो. बंदूक कोणाच्याही हाती नसते. पक्षी हा मारण्याचा नव्हे तर पाहण्याचा विषय आहे, ही गोष्ट या देशातील सुशिक्षितांच्या अंगवळणी पडली त्याचे श्रेय ज्या थोड्या माणसांकडे जाते, त्यांत सलीम अली यांचे नाव पहिले. या सलीम अलींच्या हाती मात्र दुर्बिणीच्या कितीतरी आधी बंदूक आली होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत जगापासून लपवली नाही.

अशा माणसाचे चरित्र वाल्याचा वाल्मीकी झाल्याच्या चालीवर सांगण्याचा मोह आपल्याकडे अनावर होतो. एक दुष्ट शिकारी होता, एके दिवशी त्याच्या हातून एक पाखरू मेले, त्याचे डोळे उघडले आणि त्याने शस्त्र टाकले, अशी ही कथा असते. सलीम अलींच्या बाबतीत ती सांगितलीही जाते. ती ऐकायला गोड आहे, परंतु खरी नाही. त्यांच्या आयुष्यात पाखरू मेले हे खरे, डोळे उघडले हेही खरे. शस्त्र मात्र त्यांनी टाकले नाही. त्या शस्त्राच्या जोडीला त्यांनी एक वही घेतली, आणि त्यांच्या आयुष्याचा सगळा अर्थ त्या जोडीत आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुकांची चर्चा, शिकारीच्या पुस्तकांचे वाचन आणि मुलांमध्ये नेमबाजीच्या चढाओढी. दूरच्या नात्यातील इस्कंदर मिर्झा हा त्या खेळगड्यांमधला पटाईत नेमबाज. पुढे तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मामांनी दिलेली हवेची बंदूक ही सलीमची पहिली दौलत होती. मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे, याहून निराळी महत्त्वाकांक्षा त्या वयात त्याला नव्हती.

१९०६-०७ च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांच्या या मुलाने एक नोंद करून ठेवली. घराच्या तबेल्यात भिंतीतील एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर बाहेर एका खिळ्यावर बसून पहारा करी. मुलाने लपून तो नर टिपला. थोड्याच वेळात त्या खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. मुलाने तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळाला. ही नोंद एका पोराने आपल्या नेमबाजीची बढाई म्हणून लिहिली होती. परंतु तीत घरट्याची जागा होती, पक्ष्यांची संख्या होती, दिवसांचा हिशेब होता, आणि चिमणीच्या संसाराविषयी एक निरीक्षण होते. साठेक वर्षांनंतर तीच नोंद पक्षिप्रेमींच्या नियतकालिकात छापली गेली. क्रूरपणा आणि कुतूहल एकाच पानावर, एकाच बालिश हस्ताक्षरात शेजारी शेजारी बसले होते.

१९०८ साली घडलेला प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. हवेच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांनाही ओळख पटेना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता आणि मामा स्वतः सभासद होते. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, मुलाला कपाटांचे खण उघडून शेकडो पक्ष्यांची जतन केलेली कातडी दाखवली, वाचायला पुस्तके दिली आणि पक्षी सोलून भरण्याची विद्या शिकवण्याचे कबूल केले. बंदूक खाली ठेव, असे या साहेबाने सांगितल्याचा दाखला नाही. मारलेल्या पाखराचे नाव विचारायचे असते, एवढे मात्र तो मुलगा तेथे शिकला.

पुढची वर्षे धरसोडीची गेली. डोकेदुखीने शाळा वारंवार बुडाली, १९१३ साली मॅट्रिक कशीबशी झाली, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्ष जड गेले आणि सलीम अली ब्रह्मदेशात तव्हॉयला कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात दाखल झाले. महायुद्धामुळे टंगस्टनच्या खनिजाला तेव्हा मोठी मागणी होती. परदेशातील शिकारीचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणाला त्या निबिड अरण्यांपेक्षा अधिक काय हवे होते? धंद्यापेक्षा त्यांचे पाय जंगलाकडेच अधिक वळले. वनखात्यातील निसर्गाभ्यासू अधिकाऱ्यांशी तेथेच ओळखी झाल्या. धंदा अखेर बुडाला. तथापि माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, तासन्‌तास हालचाल न करता बसणे आणि ऐकलेल्या आवाजावरून न दिसलेले जनावर ओळखणे या शिकाऱ्याच्या विद्येचे भांडवल त्या अरण्यांत जमा झाले. पुढे भारतातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी याच भांडवलावर केली.

ही पाहणी बंदुकीशिवाय होत नसे, हे आजच्या वाचकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणत्या प्रदेशात कोणता पक्षी आहे याचा त्या काळी मान्य होणारा पुरावा म्हणजे पक्षी स्वतः. अगदी बारीक छऱ्याने त्याला पाडायचे, चोच, पंख आणि शेपूट मोजायची, कातडी सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर स्थळ, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसेल तर त्या कातडीचे मोल शून्य. १९३० साली बर्लिनहून, स्ट्रेसेमान यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून सलीम अली परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची व्याख्यात्याची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करतो, खर्च तेवढा द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी भ्रमंती त्यातून घडली. प्रत्येक मुक्कामात पक्षी पडले, आणि प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधली गेली.

चिठ्ठी बांधल्याने पाखरू जिवंत होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. सलीम अलींवर तो त्यांच्या हयातीतही घेतला गेला. निष्कारण हत्येचा त्यांना तिटकारा होता, परंतु ज्ञानासाठी घेतलेल्या जिवाबद्दल त्यांनी खोटे अश्रू गाळले नाहीत. मात्र जेथे बंदुकीचे काम नव्हते तेथे ती त्यांनी बाहेरही काढली नाही. नोकरी गेल्यावर खर्च परवडेना म्हणून ते अलिबागेजवळ किहीमला राहायला गेले. तेथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर महिनोन्‌महिने पहारा दिला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, ती अंड्यांवर बसली की तोच नर नव्या घरट्याला आणि नव्या मादीला लागतो, हे रहस्य त्यांनी नुसते बसून आणि पाहून उलगडले. ही चिकाटीदेखील शिकाऱ्याचीच होती. तबेल्यातील चिमण्यांवर नेम धरणारा मुलगा आता छऱ्याविना त्याच प्रश्नाचे उत्तर काढीत होता.

नोंदीचा प्रामाणिकपणा ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्या एका सहप्रवाशाच्या उदाहरणावरून कळते. १९३७ साली ते ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी गोळा करायला गेले होते. कर्नल हा लष्करी पेशाचा, बंदुकीचा हव्यासी आणि पक्षिसंग्राहक म्हणून जगप्रसिद्ध. त्याचे हजारो नमुने लंडनच्या संग्रहालयाची शोभा ठरले. सलीम अलींच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात, त्यांतील कित्येक नमुने इतरांच्या संग्रहांतून चोरलेले असून त्यांना खोट्या चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत, असे सिद्ध झाले. वनपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ साली खानदेशात मिळाले होते. त्यानंतर १९१४ साली ते आपण गुजरातेत मारले, असा या कर्नलचा दावा होता. तो दावा खोटा निघाला. तो बाजूला सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतला तेव्हा, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या रानात वनपिंगळा जिवंत सापडला. म्हणजे ११३ वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याची खरी चिठ्ठी एका जातीचा पत्ता सांगून गेली, आणि खोट्या चिठ्ठीने तोच पत्ता बुजवला होता. अफगाणिस्तानात एकाच तंबूत उतरलेल्या या दोन बंदूकधाऱ्यांमध्ये हाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

भरतपूरच्या तळ्याकाठी एका शिलालेखावर मोठ्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे नेमक्या सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हीदेखील नोंदच; परंतु तीत फक्त मारणाऱ्यांचा मान आणि मेलेल्यांची संख्या आहे, पक्ष्यांविषयी काहीही नाही. गंमत अशी की, राजाच्या या शिकारीपायीच तळे टिकले होते. स्वातंत्र्यानंतर ते कोरडे करून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली. जमिनीला भुकेलेल्या शेतकऱ्यांची ती मागणी गैर म्हणता येत नव्हती. सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन तळे वाचवले. जेथे हजारो पक्षी एका दिवसात पडत, तेथे त्यांच्या सोसायटीने पक्षी पकडून, पायात कडी अडकवून सोडून देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालवले. त्यासाठी बिहारमधील मीरशिकारांना, म्हणजे पिढीजात पारध्यांना, बोलावले गेले. मेलेल्या पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी आता जिवंत पक्ष्याच्या पायातील कडी झाली.

याच भरतपुरात त्यांची वही त्यांच्यावरही उलटली, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. उद्यानात गुरे चारण्यास बंदी असावी, या मताचे ते होते. १९८२ साली बंदी आली, ग्रामस्थांचा विरोध झाला, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. पुढे त्यांच्याच सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, म्हशींचे चरणे बंद झाल्याने गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. गुरूचे मत चूक ठरवणारा निष्कर्ष त्याच्याच संस्थेने जगापुढे मांडावा, यात गुरूचा पराभव नाही. २० जून १९८७ रोजी नव्वदीत निवर्तलेल्या या माणसाने पुस्तके पुष्कळ लिहिली, ‘पद्मविभूषण’ मिळवले, राज्यसभेत स्थान मिळवले. परंतु मालकाचीही भीड न धरणारी नोंद ही त्याची खरी शिदोरी होय.

आता माहुलच्या चिखलाकडे पुन्हा पाहू. येथे गोळीचा आवाज होत नाही. १९७२ च्या कायद्याने बंदूक बाजूला झाली, आणि ते योग्यच झाले. पलीकडच्या शिवडीहून निघालेला सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. खाडीच्या वरच्या अंगाचा पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. शिवडी-माहुलचा चिखल मात्र त्या रेषेबाहेर राहिला. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून तिसाहून अधिक रोहित पक्षी एका रात्रीत मेले. ते वस्तीत पडले म्हणून मोजले गेले. भरावाखाली, सांडपाण्याने किंवा तेलाच्या तवंगाने जे मरते ते कोणाच्या अंगणात पडत नाही. मासळी कमी झाल्याचे तेथील कोळी बांधव सांगतात, ती तक्रारही फारशी कोणी लिहून घेत नाही.

जुन्या शिकाऱ्याला निदान पुढच्या हंगामात पक्षी परत यायला हवे असत. त्याच्यासाठी तळे राखले जाई. खाडी बुजवणाऱ्याला पुढचा हंगाम नको असतो. त्याला मोकळी जागा हवी असते. सलीम अलींच्या बंदुकीचे समर्थन करण्याची आज गरज नाही. परंतु आपण काय मारले, कोठे मारले आणि केव्हा मारले, हे स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवण्याचे जे बंधन त्यांनी आयुष्यभर पाळले, ते बंदूक न धरणाऱ्यांनाही लागू आहे. खाडीतील प्रत्येक भरावाला, प्रत्येक सांडपाण्याच्या नळाला अशी एक खरी चिठ्ठी बांधली जाईल, तेव्हा हे शहर त्या शिकाऱ्याचे थोडेफार देणे फेडू लागेल.