गरिबांची पत उभी करणारे रायफायझन

व्याजाचे गणित आम्ही पस्तीस वर्षे फळ्यावर शिकविले; परंतु त्याच व्याजात गाव कसे बुडते आणि कसे तरते, हे आम्हांस उमगले ते एका जर्मन ग्रामाधिकाऱ्याच्या चरित्रावरून. ते ज्ञातिबांधवांस सादर करण्याचा हा अल्पसा यत्न.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हॅम या गावी झाला. घरची स्थिती बेताची. उच्च शिक्षण लाभले नाही. ते सैन्यात दाखल झाले, पण नेत्ररोगाने ती नोकरी सुटली. १८४५ साली वायरबुश या दरिद्री ग्रामसमूहाचे प्रमुखपद त्यांजकडे आले.

पुढच्याच वर्षी पीक बुडाले. सरकारी धान्य आले, ते रोख पैसे घेऊनच द्यावे अशा अटीवर! रायफायझन यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते उधार दिले, सधनांकडून निधी जमवून भट्टी उभारली आणि गरिबांस स्वस्त पाव पुरविला.

फ्लामर्सफेल्ड येथे बदली झाल्यावर त्यांस दिसले की, दुष्काळ सरला तरी सावकारी पाश सुटत नाही. १८४९ साली सुमारे ६० सधन गृहस्थांनी आपली मालमत्ता एकत्रितपणे तारण मानून भांडवल उभे केले. त्यातून गुरे घेऊन शेतकऱ्यांस हप्त्यांनी दिली. हेडेसडॉर्फ येथेही १८५४ साली अशीच मंडळी जमली. परंतु हळूहळू दात्यांचा उत्साह ओसरला. येथेच त्यांस खरा धडा मिळाला. परोपकारावर उभे असलेले कार्य दात्याच्या मर्जीसरशी खचते. ते घेणाऱ्याच्याच खांद्यावर उभे केले पाहिजे.

म्हणून १८६४ साली तेथे पतपेढी निघाली. ऋणको तोच सभासद. सर्वांची जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाचे कर्ज थकले तर सर्वांच्या शेताघरांवर बोजा. क्षेत्र लहान, त्यामुळे कोण कष्टाळू व कोण उधळ्या हे सर्वांस ठाऊक. नफा वाटून न घेता अविभाज्य राखीव निधीत जाई. ज्या शेतकऱ्यास एकट्यास कोणी उभे करीत नव्हते, त्याच्या गावास आता बाहेरचे भांडवल वाजवी व्याजाने मिळू लागले.

हे सर्व घडले ते दुःखाच्या छायेत. १८६३ साली पत्नी निवर्तली. दृष्टी जवळजवळ गेली. कन्या अमालिया हिने लेखन-वाचनाचा भार उचलला आणि १८६६ साली त्यांचा पतपेढ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ११ मार्च १८८८ रोजी हा सत्पुरुष निवर्तला.

त्यांच्या कार्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. १८७५ साली पुणे-नगर भागातील गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. परंतु कागद जळाल्याने कर्जाची गरज जळत नाही. पुढे मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतपेढ्यांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्यातील ग्रामीण संस्थांची अमर्याद जबाबदारी ही रायफायझन यांचीच देणगी होय.

आपल्यातही उदार हातांची वाण नाही. दुष्काळी गावांत धान्य व वस्त्रे वाटली जातात. ते पुण्यकर्मच आहे, आणि भुकेल्यापुढे प्रथम अन्नच ठेविले पाहिजे. परंतु वाटलेले धान्य महिन्यात सरते. गावाच्या हाती विश्वासाने सोपविलेले भांडवल एका घरची म्हैस, दुसऱ्या घरची विहीर करीत फिरत राहते. वर्गणीची पावती फाडताना हा भेद आपण ध्यानी ठेवू या, एवढीच आमची नम्र विनंती.