वरातीतला चितळकर

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. अलिबागपासून मुरूडपर्यंत, लग्नसराईत त्यांना उसंत नसते. गेल्या वर्षापर्यंत ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगितली नव्हती. रेवदंड्याच्या एका वरातीत माझे वर्गमित्र बेभान नाचत होते आणि मी मांडवामागे तोंड लपवून उभा होतो. घरी आल्यावर वडिलांना विचारले, ती चाल कुणाची? त्यांनी एकच नाव घेतले : सी. रामचंद्र.

मग मी या माणसाचा शोध घेतला. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शास्त्रोक्त गाणे शिकले. नट व्हायला निघाले, पण जम बसला नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवू लागले. मास्टर भगवानांशी मैत्री जुळली आणि ‘सुखी जीवन’ला (१९४२) त्यांनी संगीत दिले.

‘शहनाई’ने (१९४७) धमाल उडवली. गिटार, क्लॅरिनेट आणि परदेशी ठेके आपल्या चालींत त्यांनी असे मिसळले की ते परके वाटेनात. ‘अलबेला’त (१९५१) तर गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरच दिसतात. एरवी वादक पडद्यामागेच राहायचे! पाश्चात्त्य ठेक्यांबद्दल चितळकरांवर टीकाही झाली. पण त्याच माणसाने ‘अनारकली’त (१९५३) भीमपलास, बागेश्री अशा रागांवर चाली बांधल्या. पुढे ‘आशा’त (१९५७) रॉक अँड रोल आणला, ‘नवरंग’मध्ये (१९५९) पुन्हा देशी थाट उभा केला. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिलेल्या, कवी प्रदीपांच्या ज्या गीताने पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, त्याची चालही त्यांचीच. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले.

बुवांचा शिष्य वरातीच्या ठेक्याला कमी लेखत नव्हता. मग मी कोण लागून गेलो?

यंदाच्या स्नेहसंमेलनात वाद्यवृंदात क्लॅरिनेट मी वाजवणार आहे. सूर चुकला तर दोष माझा. शिकवणारे माझे वडील आहेत, आणि ते पहिल्या रांगेत बसणार आहेत.