भिंतीवरचे गणित

गेल्या टर्मला आमच्या वर्गात कॅल्क्युलस सुरू झाले. पहिल्या टेस्टमध्ये मला वीसपैकी चार गुण मिळाले. फळ्यावरची चिन्हे परक्या लिपीसारखी वाटत होती. त्याच आठवड्यात लायब्ररीत मी सोफिया कोवालेव्स्काया या रशियन गणितज्ञ बाईंविषयी वाचले. त्यांनीही ही चिन्हे पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना काहीच कळले नव्हते. त्यांनी ती पाहिली होती घराच्या भिंतीवर!

सोफियाचा जन्म १५ जानेवारी १८५० रोजी मॉस्को येथे झाला. वडील रशियन तोफखान्यात जनरल होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह पालिबिनो या खेड्यातल्या वाड्यात राहायला गेले. घराला वॉलपेपर लावताना मुलांच्या एका खोलीपुरता कागद कमी पडला. म्हणून जुने कागद भिंतीला चिकटवले. ती ओस्त्रोग्राद्स्की या गणितज्ञांच्या डिफरन्शियल आणि इंटिग्रल कॅल्क्युलसवरच्या व्याख्यानांची पाने होती. वडिलांनी ती तरुणपणी विकत घेतली होती.

सोफिया त्या भिंतीसमोर तासन् तास उभी राहायची आणि कोणत्या पानानंतर कोणते पान येते ते शोधायची. अर्थ कळत नव्हता, पण सूत्रे डोक्यात बसली. पंधराव्या वर्षी, म्हणजे माझ्याच वयात, तिने पीटर्सबर्गमध्ये स्त्रान्नोल्युब्स्की या शिक्षकांकडे कॅल्क्युलसचा पहिला धडा घेतला. ती इतक्या लवकर शिकते हे पाहून ते थक्क झाले.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. रशियात मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. परदेशी जाता यावे म्हणून सोफियाने १८६८ मध्ये व्लादिमीर कोवालेव्स्की यांच्याशी नावापुरते लग्न केले. १८७० मध्ये त्या बर्लिनला प्रसिद्ध गणितज्ञ वायरश्ट्रास यांच्याकडे गेल्या. त्यांनी परीक्षा म्हणून अवघड गणिते दिली. सोफिया आठवड्याभरात ती सोडवून परत आल्या. बर्लिनच्या विद्यापीठानेही स्त्री म्हणून दार बंद ठेवले, तेव्हा वायरश्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे खासगी शिकवले.

डिफरन्शियल इक्वेशन आपल्याला एखादी गोष्ट क्षणाक्षणाला कशी बदलते एवढेच सांगते. त्यावरून ती गोष्ट पुढे कुठे असेल हे शोधणे म्हणजे ते सोडवणे. पण प्रत्येक समीकरणाला उत्तर असते का? एकापेक्षा जास्त चलांच्या समीकरणांसाठी सोफियांनी याच प्रश्नावर महत्त्वाचे प्रमेय सिद्ध केले. १८७४ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

एवढे होऊनही रशियात त्यांना फक्त लहान मुलींना अंकगणित शिकवण्याचे काम मिळत होते. सुमारे सहा वर्षे गणित सुटले. १८७८ मध्ये मुलगी झाली आणि १८८३ मध्ये पतीने आत्महत्या केली. अशा दुःखातही त्या पुन्हा गणिताकडे वळल्या आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोमला शिकवू लागल्या.

१८८८ मध्ये फ्रेंच अकादमीच्या बोर्दें पारितोषिकासाठी निबंध नाव न लिहिता पाठवायचे होते. सोफियांचा विषय होता एका बिंदूभोवती फिरणारी वस्तू, म्हणजे आपला भोवराच. ऑयलर आणि लाग्रांज या थोर गणितज्ञांनी त्याचे एकेक प्रकार सोडवले होते. सोफियांनी तिसरा सोडवला, ज्यात गुरुत्वमध्य अक्षावर नसून बाजूला असतो. काम इतके सरस ठरले की बक्षिसाची रक्कम ३००० वरून ५००० फ्रँक करण्यात आली. पुढच्या वर्षी त्या स्टॉकहोमला पूर्ण प्राध्यापक झाल्या. १० फेब्रुवारी १८९१ रोजी, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मला यातून एक गोष्ट पटली. आज कळत नाही म्हणून पान उलटायचे नाही, त्याच्यासमोर उभे राहायचे. मी कपाटाच्या दाराला आतून सूत्रांचा कागद लावला आहे. बूट पॉलिश करताना तो समोर असतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी काढतो आणि संध्याकाळी परत लावतो. दुसऱ्या टेस्टमध्ये मला नऊ गुण मिळाले. फार नाहीत, पण आता ती लिपी थोडी ओळखीची वाटते.